न्हाणीतले बेडूक आणि मुंबईची काचपेटी

मृगाचा पाऊस लागला की आम्हा कृषी खात्याच्या माणसांना विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. तरवा पिवळा का पडला, युरिया कधी येणार, आंब्याच्या विम्याचे पैसे कुठे अडकले. गेल्या जूनमध्ये मात्र आचऱ्याकडच्या एका वाडीत एका वयस्क शेतकऱ्याने मला पडवीत बोलावून नेले आणि एक काचेची पेटी दाखवली. आत दोन बेडूक, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेले.

"सायेब, नातवान मुंबयसून ही पेटी हाडल्यान. आधी हेच्यात मासे होते म्हणे. न्हाणयेतले हे दोन बेडूक धरून हेच्यात घातल्यान आणि शाळा सुरू झाली म्हणान गेलो मुंबयक. माका सांगान गेलो, आजोबा, चतुर्थीक येतलंय, तोपर्यंत ह्यांका सांभाळ. चार दिस झाले, हे काय खायत नाय ओ."

काकांनी पेटीत भाताची शितं टाकली होती. नातवाने जाताना माशांच्या खाद्याची डबी ठेवली होती, तेही थोडे टाकून झाले होते. सगळे जिथल्या तिथे. पेटीवर काचेचेच झाकण, खाली कोरडी खडी, वाटीत नळाचे पाणी, सकाळचे दोन तास पडवीत येणारे ऊन आणि शेजारी रात्रभर जळणारी मच्छर अगरबत्ती. बेडूक अजून जिवंत होते हेच नवल.

आमच्या पदविकेला भात, नारळ, काजू होते, बेडूक हा विषय नव्हता. पण या बाबतीत माझे हात एकदा पोळले आहेत. पदविकेच्या पहिल्या वर्षी हौसेने मी काचेच्या बरणीत व्हाळातले वीसेक बेडूकमासे ठेवले होते. आठवडाभर छान पोहत होते, शेवाळ खात होते. एका संध्याकाळी पाणी गढूळ दिसले म्हणून ते ओतून विहिरीचे ताजे भरले. सकाळी सगळे पोट वर करून. त्याच दिवशी विहिरीत टीसीएल पावडर टाकली होती, हे मला दुपारी कळले. पाणी शुद्ध करायलाच हवे, त्यात कोणाची चूक नाही. चूक माझी, मी विचारले नाही. टीसीएलचे पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो, एवढे साधे ज्ञान मला तेव्हा नव्हते.

बेडकाचे सगळे गणित त्याच्या कातडीत आहे. तो तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषतो. श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो, आणि त्यासाठी ती ओलसर राहावी लागते. म्हणजे पाण्यात, हवेत, मातीत जे काही असेल ते सरळ अंगात. न्हाणीत बेडूक आला की काही घरांत चिमूटभर मीठ टाकतात. ते आपल्याला चिमूटभर, त्याला मात्र अंगातले पाणी ओढून घेणारे. मीठ टाकू नये. ओल्या हाताने उचलून बाहेर सोडावा आणि हात साबणाने धुवावेत. कारण बेडकाच्या अंगावर आपल्याला जुलाब लावणारे जंतू असू शकतात. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष पाहावे.

पेटीतले दोघे होते ते आपल्या न्हाणीत, माडाच्या झापाखाली, पाण्याच्या टाकीवर दिसणारे झाडबेडूक. बोटांच्या टोकाला गोल चकत्या, त्यामुळे काचेवरही सरळ चढतात. मांडीच्या मागे पिवळे ठिपके. अंगाचा रंग कधी फिकट पिवळसर, कधी तपकिरी. शास्त्रीय नाव पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस.

काचेच्या पेटीची गोष्ट

काचेच्या पेटीत ओलावा कोंडून झाड जगवायची युक्ती जुनी आहे. लंडनमध्ये १८२९ च्या सुमारास नॅथनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोश बघण्यासाठी ओल्या मातीसह बाटलीत बंद केला, तर त्या मातीतून नेचा उगवला. शहराच्या धुरात त्याच्या बागेत जो नेचा जगत नव्हता, तो बंद बाटलीत वर्षानुवर्षे जगला. पाणी वाफ होऊन काचेला लागायचे आणि पुन्हा मातीत उतरायचे. पुढे अशाच पेट्यांतून चहाची रोपे चीनमधून बोटीने हिंदुस्थानात आली. आज युरोप-अमेरिकेत लोक अशाच पेट्यांत घरात बेडूक पाळतात, त्यातही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले रंगीत विषारी बेडूक फार. निळे, पिवळे, लाल, नखाएवढे ते अंगठ्याएवढे. गंमत अशी की जंगलात ज्यांच्या कातडीत जहर असते, ते पेटीत जन्मले की निर्विष असतात. ते जहर त्यांना मुंग्या आणि बारीक कोळीकीटकांच्या खाण्यातून मिळते. खाणे बदलले की जहर गेले.

काकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्या गावठी कोंबड्यासारखाच. खाणा बदलला की चव गेली." उपमा अगदी नेमकी नव्हती, पण फार लांबचीही नव्हती.

बेडूक पेटीत जगवायचाच म्हटले तर काय लागते, तेही त्यांना सांगितले. ज्याला ते करता येत नाही त्याने नाद सोडावा, हे त्यातूनच समजते. तळाला जांभ्याचे बारीक तुकडे, म्हणजे पाणी निथळेल. त्यावर कोळशाचा थर, मग नारळाच्या सोडणाचा भुसा आणि शेतातली, खत-औषध न लागलेली माती. वर शेवाळ, नेचा, चढायला फांदी, दडायला करवंटी. झाकण बारीक जाळीचे, कारण ओलावा हवा पण हवा कोंडता कामा नये. ऊन अजिबात नको. बंद काचेवर अर्धा तास ऊन पडले तरी आत भट्टी होते. या किनाऱ्यावर ज्याने बंद गाडीत दुपारी हात घातला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

खाण्याचा मुद्दा सर्वात अवघड. बेडकाला हलणारी वस्तूच भक्ष्य म्हणून दिसते. शितं, चपातीचे तुकडे, मेलेली माशी यांच्यामध्ये बसूनही तो उपाशी मरेल. म्हणजे रोज जिवंत किडे हवेत. नाकतोडे, रातकिडे, वाळवी. फार लहान बेडूक असेल तर पिकलेल्या केळ्यावर येणारी चिलटे. हे काम एक दिवसाचे नाही, वर्षानुवर्षांचे आहे. शिवाय आपल्या बेडकाला वर्षाचे ऋतू आहेत. मोठा पिवळा बेडूक पाऊस संपला की चिखलात पुरून घेतो, लहान बेडूक भेगांत, दगडांखाली, झावळ्यांत दडतात आणि मृगाची वाट पाहतात. पेटीत बारा महिने आपण पाडू तोच पाऊस. मुंबईत फ्लॅटमध्ये बसून हे कोण सांभाळणार, असे मी विचारले. काका हसले. "तो आपलो अभ्यास सांभाळीत नाय."

कायदा काय म्हणतो

ग्रामपंचायतीतल्या मंडळींनी हा भाग वाचावा, कारण लोक शेवटी तिथेच विचारायला येतात. रानातला प्राणी धरून घरात ठेवणे किंवा विकणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खालचा विषय आहे. बेडकाला हात लावण्याआधी वनखात्याला विचारावे. शेजारी गोव्यात दर पावसाळ्यात मोठे बेडूक खाण्यासाठी पकडणाऱ्यांवर वनखाते रात्रीची गस्त घालते. तिथे त्याला गमतीने उडती कोंबडी म्हणतात. आपल्याकडे सीमेलगतच्या भागात रात्री बत्ती घेऊन फिरणारे नसतात असे मी म्हणणार नाही. आणि परदेशी बेडूक? कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले परदेशी प्राणी घरात असतील तर त्यांची नोंदणी करावी लागते, आणि त्याचे नियम २०२४ साली आले. वर सांगितलेले अमेरिकेतले विषारी बेडूक त्यात मोडतात. शहरातल्या दुकानात रंगीत बेडूक मिळतो म्हणून पोराने हट्ट धरला, तर आधी कागद विचारावा.

कायद्यापेक्षा मला रोगाची भीती जास्त वाटते. बेडकांच्या कातडीला लागणारी एक बुरशी आहे. एका देशातून दुसऱ्या देशात बेडकांचा व्यापार झाला, तिच्याबरोबर ती जगभर पसरली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या बुरशीमुळे जगातल्या पाचशेहून अधिक जाती घटल्याचे आणि नव्वद जाती बहुधा कायमच्या गेल्याचे म्हटले आहे. आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांतही ही बुरशी आढळल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. इथे तिने मोठी मर केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण आजारी कोंबडी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत नेऊ नये हे ज्याला कळते, त्याला पेटीतला बेडूक दुसरीकडच्या व्हाळात सोडू नये हेही कळेल. जिथून धरला तिथेच सोडायचा.

आणि आपल्या जिल्ह्यात गमावण्यासारखे पुष्कळ आहे. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या कातळावरच्या खळग्यांत साचलेल्या वीतभर पाण्यात एक लहान भेक अंडी घालतो, त्याच्या कुशीवर वाघासारखे पट्टे असतात. ही जात शास्त्रज्ञांनी जगाला सांगितली ती २००९ साली. त्याच वर्षी आंबोलीच्या नावाचा एक छोटा झुडूपबेडूकही नोंदला गेला. त्याची पिल्ले पाण्यात पोहतच नाहीत, अंड्यातून सरळ बारीक बेडूकच बाहेर येतो. दोन्ही जाती जगात फार थोड्या जागी आहेत. पावसाळ्यात धबधब्याला येणाऱ्या गाड्यांखाली ते चिरडतात, हे तिथून रात्री गेलेला कोणीही सांगेल. फोटोसाठी हातात धरणारे, डबीत भरून नेणारे वेगळे. पुण्याच्या डॉ. आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली आपल्या पट्ट्यातल्या एका बेडकाचे नाव 'बहुविस्तार' ठेवले, कारण तो दूरवर पसरलेला आहे. असा दूर पसरलेला बेडूक सुरक्षित, कातळाच्या एका तुकड्यावरचा नाही.

मग त्या दोघांचे काय केले

काकांची अडचण खरी होती. पोराला शब्द दिलेला, आणि चतुर्थी अडीच महिन्यांवर. मी म्हटले, काका, सोडा. ते म्हणाले, "सोडलंय तर झिल विचारतलो, खय गेले?" मी म्हटले, न्हाणीच्या मागे चला.

न्हाणीचे पाणी जाते तिथे चार केळी, एक अळवाचा वाफा, दगडाचा ढासळता गडगा आणि शेजारी गुरांना पाणी द्यायची जुनी दगडी डोणी. सगळे ओले, थंड, सावलीचे. वॉर्डच्या पेटीत जे काही कोंडायचा खटाटोप होता ते सगळे इथे फुकट मांडून ठेवलेले. नातवाने बेडूक धरले होते तेही इथून चार हातांवर. मी ते दोघे ओल्या हाताने केळीच्या पानाच्या बगलेत ठेवले. एक लगेच दिसेनासा झाला. दुसरा बराच वेळ बसून राहिला, मग तोही गेला.

पण गोष्ट इथे संपत नव्हती. त्याच कोपऱ्यावर पंचायतीकडून शोषखड्डा होणार होता, आणि उरलेल्या जागेत काकांच्या मुलाने फरशी घालायचे ठरवले होते. शोषखड्डे करा म्हणून गावोगाव सांगणाऱ्यांत मीही असतो. सांडपाणी वाहत राहिले तर डास होतात, हे खोटे नाही. त्यामुळे पंचायतीविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटेना. शेवटी ग्रामसेवक, काका आणि मी असे तिघे उभे राहून बोललो. शोषखड्डा केळींच्या वरच्या अंगाला घ्यायचा, म्हणजे पाणी उघडे साचणार नाही आणि ओल केळींना मिळेल. फरशी दोन हात अलीकडे थांबवायची. गडगा सिमेंटने भरायचा नाही. मुलगा नाराज झाला. त्याला मागचे अंगण मुंबईच्या पाहुण्यांसाठी एकसारखे स्वच्छ हवे होते. त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे मला ठामपणे म्हणता येईना. घरात सापाचीही भीती असते, आणि बेडूक तिथे साप हे आपण सगळेच जाणतो. गडगा घराच्या भिंतीपासून दूर ठेवा, एवढेच सांगितले.

आपल्या शेतकऱ्यांना बेडूक हा मुलांचा खेळ वाटतो, म्हणून आता कुणग्याकडे वळतो. भाताच्या कुणग्यात बेडूक काय करतो? तुडतुडे, नाकतोडे, खोडकिडीचे पतंग, अळ्या खातो. मोठा बेडूक मेरेला भोके पाडणारे बारीक खेकडेही गिळतो. एकेकाळी या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला चार हजार टनांच्या आसपास. मुंबईच्या हुमायून अब्दुलअली यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याविरुद्ध लिहिले आणि १९८७ साली निर्यात बंद झाली. निर्यात थांबली, पण कुणग्यातला बेडूक वाचला असे म्हणवत नाही. मेरेवर तणनाशक मारायची सवय वाढली आहे. औषध पानाला धरावे म्हणून त्यात साबणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. काही तणनाशकांत तो पदार्थच बेडूकमाशांना मारतो. लावणीआधी मेरेवर कोयती चालवा. मजूर मिळत नाही हे मला ठाऊक आहे. निदान पाण्यात फवारा जाऊ देऊ नका आणि व्हाळात पंप धुऊ नका. फवारणीचे वेळापत्रक करताना मी स्वतः ही सूचना पूर्वी देत नसे, आता देतो.

पंचायतींसाठी आणखी एक. प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर आहे आणि लोकजैवविविधता नोंदवहीही. त्यात झाडे भरपूर लिहिलेली असतात, बेडकाचे पान बहुधा कोरे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडातल्या एका छोट्याशा माशासाठी राज्य शासनाने २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवळाचे पाणी राखले म्हणून तो मासा राहिला. आपल्या वाडीतले देवतळे, कातळावरचे पाणी, जुनी डोणी एवढी तरी वहीत चढवावी. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात रात्री कान देऊन बसले तरी चार-पाच वेगवेगळे आवाज ओळखू येतात. शाळेतल्या मुलांना ते काम द्या, आनंदाने करतील.

चतुर्थीला

जुलैच्या पहिल्या आठवड्यात काकांचा फोन आला. डोणीच्या काठाला फेसाचा गोळा लागला आहे, कोणी साबण ओतला काय? मी म्हटले, हात लावू नका, ती अंडी आहेत. झाडबेडूक पाण्याच्या वर फेसात अंडी घालतो, चार-पाच दिवसांत पिल्ले फुटतात आणि खाली पाण्यात पडतात. तसेच झाले. मग आशाताई पाहणीला आल्या. साचलेले पाणी ओता, म्हणाल्या, डेंग्यूचे दिवस आहेत. त्यांचेही बरोबर. गप्पी मासे सोडू का, असे विचारले, तर ते बारीक बेडूकमासे खाऊन टाकतील. हे बेडूकमासे बहुतेक शेवाळच खरवडतात, डासांच्या अळ्यांसाठी त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. शेवटी दर रविवारी काकांनी चहाच्या गाळण्याने डोणीतल्या अळ्या काढून उन्हात टाकायच्या आणि आशाताईंनी येऊन बघायचे, असे ठरले. काकूंनी ते गाळणे परत स्वयंपाकघरात घेतले नाही, नवीन आणायला लावले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी नातू आला. मी दुसऱ्या दिवशी त्या बाजूला गणपतीला गेलो होतो. आरती संपताच पोराने मला मागे ओढून नेले. अळवाच्या पानांवर, केळीच्या बुंध्यावर नखाएवढे दहा-बारा बेडूक, काहींना शेपटीचा तुकडा अजून होता. "माझे ते दोन कुठले?" त्याने आजोबांना विचारले. काकांनी गडग्यातल्या एका भेगेकडे बोट दाखवले. आत खरोखर एक मोठा बसला होता. तो तोच होता की दुसरा, ते काकांना ठाऊक नव्हते आणि मलाही नाही.

काचेची पेटी पडवीतच आहे, पण आता सावलीत. काकांनी तिच्या तळाला जांभ्याचे तुकडे, वर सोडणाचा भुसा घालून मिरीच्या सात छाट्या लावल्या. मी गेलो तेव्हा पाच फुटल्या होत्या.